जे खाली पडलं नाही, त्याचा पंचनामा कोण करणार?

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. पावणेआठच्या सुमारास आपल्या डोक्यावरून आगीची एक लांबलचक रेघ सरकत गेली. पूर्व विदर्भातल्या गावागावांत लोक अंगणात येऊन मोबाइल वर धरून उभे होते. कुणी म्हणे उल्का, कुणी म्हणे विमान पेटलं, कुणी म्हणे उपग्रह पडतोय. तासाभरात चंद्रपूर जिल्ह्यातून बातमी आली की सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे दहा फूट व्यासाचं धातूचं कडं पडलंय. नंतर पवनपारकडे धातूचा एक गोळा सापडला. पुढच्या काही दिवसांत आजूबाजूला आणखी गोळे मिळाले. दिघोरीहून लाखांदूर, वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड करत गेलं की सिंदेवाहीच. म्हणजे हे आपल्या शेजारातच घडलं.

सुदैवाने कुणाला काही लागलं नाही. पोलीस आले, महसूलवाले आले, पंचनामा झाला, वस्तू ताब्यात घेतल्या गेल्या. इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन पाहणी करून गेले. अवकाशातल्या वस्तूंचा माग ठेवणाऱ्या अभ्यासकांनी सांगितलं की फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चीनच्या ‘लाँग मार्च ३बी’ रॉकेटचा हा तिसरा टप्पा असावा. काम झाल्यावर तो वर्षभर पृथ्वीभोवती फिरत राहिला आणि शेवटी खाली आला. आपण बातम्या केल्या, लोकांनी कड्यासोबत सेल्फी काढले, विषय संपला.

माझ्या मते विषय संपलेला नाही. त्याचा अर्धा भाग तर आपण उघडलाच नाही.

हा टप्पा रिकामा असतानाही अडीच टनांच्या वर वजनाचा असतो. लाडबोरीचं कडं आणि बाकीचे गोळे मिळून एका पिकअप गाडीत मावतील एवढेच. थोडंफार जंगलात, तळ्याबोड्यांत पडून राहिलं असेल. पण मोठा भाग त्या आगीच्या रेघेतच गेला. आपण म्हणतो, ‘जळून गेला.’ आता मला सांगा, धातू जळला म्हणजे तो गेला कुठे? चुलीत लाकूड जळतं तेव्हा राख उरते, धूर निघतो, कवेलूंना आतून काजळी धरते. आकाशात जळालेल्या रॉकेटचंही तसंच आहे. त्याची वाफ झाली, वाफेची बारीक भुकटी झाली आणि ती भुकटी वरच राहिली. तिचा पंचनामा कुणी केला नाही.

हे झालं खाली येणाऱ्या रॉकेटचं. वर जाणाऱ्या रॉकेटचा धूर हा त्याहून मोठा प्रश्न आहे. जगभर त्यावर संशोधन सुरू आहे, पण आपल्याकडे मराठीत त्याची चर्चा जवळपास नाही. म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय. लांब आहे, पण वाचा.

शाळेच्या भूगोलात आपण शिकलो होतो. जमिनीलगतचा थर तपांबर, त्याच्या वर स्थितांबर. ढग, पाऊस, वादळ हे सगळं तपांबरात. ओझोनचा बहुतेक साठा स्थितांबरात, साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर. सूर्याचे अतिनील किरण तिथे अडतात, म्हणून आपली कातडी, डोळे आणि शेतातलं पीक शाबूत राहतं.

या दोन थरांतला एक फरक नीट लक्षात घ्या, कारण सगळा मुद्दा त्यावर उभा आहे. खाली धूर झाला तर पाऊस तो धुऊन काढतो. राइस मिलच्या धुराड्यातली काजळी गावावर पडते, त्रास देते, पण मृगाचे दोन सडाके आले की झाडांची पानं हिरवी दिसू लागतात. स्थितांबरात पाऊसच नाही. तिथे गेलेली बारीक भुकटी वर्ष-दोन वर्षं, कधी त्याहून जास्त काळ तरंगत राहते आणि वारे तिला जगभर पसरवतात. विमानंसुद्धा बहुतेक दहा-बारा किलोमीटरवरून जातात. थेट स्थितांबरात आणि त्याच्याही वर इंजिन चालवत जाणारं, धूर सोडणारं माणसाचं एकच वाहन आहे, ते म्हणजे रॉकेट.

आता हा धूर कसला? ते इंधनावर अवलंबून असतं.

पहिला प्रकार घन इंधन. आपल्या पीएसएलव्हीचा पहिला टप्पा यावरच चालतो. त्यात सुमारे १३९ टन इंधन भरतात. अमोनियम परक्लोरेट, अॅल्युमिनियमची पूड आणि त्यांना धरून ठेवणारं रबरासारखं द्रव्य, असं ते मिश्रण. अशा इंधनाच्या धुरात वजनाने साधारण पाचवा हिस्सा हायड्रोजन क्लोराइड असतो आणि तिसऱ्या हिश्शाच्या आसपास अॅल्युमिनियम ऑक्साइडची भुकटी. त्यातला बराचसा भाग खालच्या हवेत सुटतो आणि पावसाबरोबर निघून जातो. पण पहिला टप्पा जळतच स्थितांबर पार करतो, त्यामुळे उरलेला भाग तिथे जमा होतो.

क्लोरीनला ओझोनचं वाकडं आहे, हे आपल्याला फ्रिजच्या वायूमुळे माहीत झालं. क्लोरीनचा एक अणू ओझोनच्या रेणूतला एक ऑक्सिजन काढून घेतो, पुढच्या प्रक्रियेत तो सोडून देतो आणि पुन्हा मोकळा होऊन दुसऱ्या रेणूकडे जातो. असा एकच अणू हजारो ओझोन रेणू मोडू शकतो. हायड्रोजन क्लोराइडमध्ये क्लोरीन तसा बांधलेला असतो. पण अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या कणांच्या पृष्ठभागावर अशा रासायनिक क्रिया होतात की तो सुटा होतो. म्हणजे एकाच धुरात चोरही आहे आणि त्याला कुलूप उघडून देणाराही आहे.

हे फक्त कागदावरचं गणित नाही. १९९०च्या दशकात अमेरिकेने आपल्या मोठ्या टायटन रॉकेटच्या धुरातून उंचावर उडणारं संशोधन विमान नेलं होतं. उड्डाणानंतर काही काळ, त्या धुराच्या काही किलोमीटर रुंद पट्ट्यात ओझोन जवळपास नाहीसा झालेला आढळला. नंतर आजूबाजूची हवा मिसळली आणि ती जागा भरून निघाली. भोक टिकलं नाही, पण क्रिया खरी आहे हे सिद्ध झालं.

दुसरा प्रकार रॉकेलसारखं इंधन. आज जगात सर्वांत जास्त उडणारं रॉकेट म्हणजे स्पेसएक्सचं फाल्कन ९, ते यावरच चालतं. यात क्लोरीन नाही, पण काजळी आहे. कंदिलाची वात मोठी केली की काच काळी होते, तोच प्रकार. ही काळी भुकटी स्थितांबरात ऊन शोषून घेते आणि तिथली हवा तापवते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार रॉकेटमधून वर गेलेली काजळी ही जमिनीवरच्या इतर स्रोतांच्या काजळीपेक्षा सुमारे ५०० पट जास्त परिणामकारकपणे हवा तापवते, कारण ती तिथून लवकर निघून जात नाही. त्याच वर्षी अमेरिकेच्या हवामान संस्थेच्या, म्हणजे ‘नोआ’च्या शास्त्रज्ञांनी हिशोब मांडला की सध्या रॉकेटं वर्षाला साधारण एक हजार टन काजळी वर सोडतात. ती दहापट झाली तर स्थितांबराचं तापमान अर्धा ते दोन अंशांनी वाढू शकतं. आणि तिथलं तापमान बदललं की तिथले वारे आणि ओझोनसुद्धा बदलतात.

तिसरा प्रकार द्रवरूप हायड्रोजन आणि ऑक्सिजन. आपल्या चांद्रयान ३ ला नेणाऱ्या एलव्हीएम ३ रॉकेटचा वरचा क्रायोजेनिक टप्पा असाच आहे. त्याच्या धुरात प्रामुख्याने पाण्याची वाफ असते. हा त्यातल्या त्यात सर्वांत स्वच्छ. पण त्याच रॉकेटच्या दोन्ही बाजूंना घन इंधनाचे दोन मोठे बूस्टर असतात आणि प्रत्येकात दोनशे टनांच्या वर इंधन असतं. त्यामुळे एखादं रॉकेट सरसकट स्वच्छ किंवा सरसकट घाण असं म्हणता येत नाही. टप्पा बघावा लागतो आणि तो कोणत्या उंचीवर जळतो हेही बघावं लागतं.

आता पुन्हा जळून खाली येणाऱ्या धातूकडे वळू. २०२३ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांनी उंच उडणाऱ्या विमानातून स्थितांबरातले कण गोळा करून तपासले. तिथे गंधकाम्लाचे सूक्ष्म थेंब नैसर्गिकरीत्याच असतात. त्यातल्या मोठ्या थेंबांपैकी सुमारे १० टक्के थेंबांत अॅल्युमिनियम आणि इतर असे धातू सापडले, जे रॉकेट आणि उपग्रहांच्या मिश्रधातूंशी जुळतात. म्हणजे लाडबोरीच्या आकाशात जळालं तसलं काहीतरी जगभर वर तरंगतंय आणि ते मोजता येतंय. दुसऱ्या एका अभ्यासाचा अंदाज असा की अडीचशे किलोचा एक उपग्रह जळाला की साधारण ३० किलो अॅल्युमिनियम ऑक्साइडची भुकटी तयार होते.

इथे मला प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर उद्या कुणीतरी ही पोस्ट ‘रॉकेटमुळे ओझोन संपला’ म्हणून व्हॉट्सअॅपवर फिरवेल. तसं काहीही नाही. आजच्या घडीला रॉकेटमुळे होणारी ओझोनची हानी फार थोडी आहे. फ्रिज, फवारे आणि फोम यांच्या वायूंनी जे नुकसान केलं त्याच्या तुलनेत तर किरकोळ. उद्या सकाळी तुमच्या उन्हाळी धानावर याचा परिणाम दिसेल असं मी म्हणत नाही. पाऊसमान बिघडण्याशीही याचा संबंध मी जोडत नाही.

माझी काळजी वाढीच्या वेगाची आहे. २०१९ मध्ये जगात कक्षेत जाण्यासाठी ९७ उड्डाणं झाली. २०२४ मध्ये २५८. पाच वर्षांत अडीच पटीच्या वर. २०२५ मध्ये न्यूझीलंडच्या एका संशोधिकेच्या नेतृत्वाखालील अभ्यासात म्हटलं आहे की वर्षाला दोन हजारांच्या आसपास उड्डाणं होऊ लागली, तर जगाच्या ओझोनमध्ये सरासरी ०.३ टक्के घट येईल आणि दक्षिण ध्रुवावर वसंतात ती ४ टक्क्यांपर्यंत जाईल. ०.३ म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण ओझोनचा थर अजून पूर्ण बरा झालेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रज्ञांचा अंदाज आहे की जगाच्या बहुतेक भागात तो २०४० च्या सुमारास १९८० च्या पातळीला येईल आणि दक्षिण ध्रुवावर २०६६ च्या सुमारास. पेशंट अजून अंथरुणावर आहे आणि आपण त्याच्या खोलीत नवी चूल पेटवतोय.

तो बरा होतोय तो कशामुळे, हेही आठवा. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड या दोन शास्त्रज्ञांनी इशारा दिला की फ्रिजचे आणि फवाऱ्यांचे वायू ओझोन खातील. तेव्हा कंपन्यांनी त्यांना वेड्यात काढायचा प्रयत्न केला. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचा ओझोनचा ऱ्हास प्रत्यक्ष मोजला गेला. १६ सप्टेंबर १९८७ ला माँट्रियल करार झाला. १९९२ मध्ये भारत त्यात सामील झाला. जगातल्या सगळ्या देशांनी मान्य केलेला हा करार आहे आणि तो लागू पडला. आपल्या घरातले फ्रिज बंद पडले नाहीत, फक्त त्यातला वायू बदलला. एवढंच आपल्याला रॉकेटबाबतही हवं आहे.

पण त्या करारात रॉकेटच्या धुराची कलमच नाही. जमिनीवर पडणाऱ्या तुकड्याचं मात्र कायद्यात नीट लिहिलेलं आहे. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार एखाद्या देशाच्या अवकाशवस्तूने जमिनीवर नुकसान केलं तर तो देश भरपाईला बांधील असतो, चूक कुणाची हा प्रश्नच येत नाही. लाडबोरीत ते कडं एखाद्या घरावर पडलं असतं तर निदान मागायला जागा होती. वर जळून राहिलेल्या धातूबद्दल, सोडलेल्या क्लोरीनबद्दल कुणाकडे मागायचं? त्याला ना सातबारा, ना तलाठी.

आता यात आपली गोची काय आहे ते बघा. अवकाशातला कचरा वाढतोय म्हणून सगळे देश म्हणतात की जुने उपग्रह खाली आणून जाळा. इस्रोनेही २०२४ मध्ये जाहीर केलं की २०३० पर्यंत भारताच्या सगळ्या मोहिमा कचरामुक्त असतील. त्याआधी मार्च २०२३ मध्ये ‘मेघा ट्रॉपिक्स’ हा सुमारे एक टनाचा उपग्रह इस्रोने ठरवून प्रशांत महासागरावर खाली आणला होता. कौतुकाचं काम आहे, त्यात वाद नाही. लाडबोरीसारखं संकट टाळायचं तर हेच करावं लागेल. पण कक्षेतला कचरा हवेत जाळला की तो हवेच्या खात्यावर जमा होतो. घर झाडून केर शेजारच्या बांधीत टाकल्यासारखं ते आहे, हे निदान मान्य तरी करायला हवं.

आणि आपण यातून वेगळे नाही. मे २०२२ मध्ये, म्हणजे लाडबोरीच्या घटनेनंतर दोन महिन्यांच्या आत, ‘स्कायरूट’ या भारतीय खासगी कंपनीच्या ‘कलाम १००’ या घन इंधनाच्या मोटरची चाचणी आपल्या नागपूरच्या सोलर इंडस्ट्रीजमध्ये झाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकसोबत आशयपत्रावर सही केली. गडचिरोली, नंदुरबार, वाशिम, धाराशिव या जिल्ह्यांत उपग्रहावरून इंटरनेट पोचवायचं ठरलं आहे. गडचिरोली म्हणजे वडश्याच्या पुलापलीकडे. तिथल्या दुर्गम गावात शाळेला, दवाखान्याला नेट मिळणार असेल तर मी त्याच्या बाजूने आहे, शंभर टक्के. ज्याने एका बारखान्यासाठी झाडावर चढून नेटवर्क शोधलंय त्याला विचारा. पण हे हजारो उपग्रह साधारण पाच वर्षांच्या आयुष्याचे असतात. नंतर ते जाळायचे आणि नवे रॉकेटने पाठवायचे. हे चक्र थांबणारं नाही. म्हणून त्याचा हिशोब आत्ताच लिहायला हवा.

माहीत आहे, खाली कमेंट काय येणार. ‘भाऊ, इथं धानाचे चुकारे अडलेत, बोनसचा पत्ता नाही, वाघ बांधावर येऊन बसलाय आणि तुम्ही आकाशातलं सांगता.’ रास्त आहे. त्या विषयांवर मी लिहितो आणि लिहिणारच. पण लाडबोरीच्या लोकांनीही आकाशाचा विषय काढला नव्हता. आकाशच त्यांच्या दारात आलं.

दुसरी कमेंट येईल, ‘इस्रोच्या विरोधात लिहिता?’ नाही. २०२४ मध्ये जगाच्या २५८ उड्डाणांत भारताची फक्त पाच होती. धुराचा मोठा वाटा अमेरिका आणि चीनचा आहे. आज नियम झाले तर बोजा मोठ्यांवर जास्त पडेल आणि आपल्याला आपली पुढची इंजिनं नियम बघून बनवता येतील. इस्रो सध्या रॉकेलवर चालणारं सेमी-क्रायोजेनिक इंजिन तयार करतंय, तामिळनाडूत कुलसेकरपट्टिनमला दुसरं प्रक्षेपण केंद्र उभं राहतंय, खासगी कंपन्या रांगेत आहेत. आपली उड्डाणं वाढल्यावर नियम आले तर ते दुसऱ्यांनी लिहिलेले असतील आणि आपण फक्त सही करू. माँट्रियल करारात विकसनशील देशांना जास्त मुदत आणि निधी मिळाला, तो बोलणी करून मिळाला. म्हणून आत्ता बोलणं हेच देशाच्या फायद्याचं आहे.

मग मागायचं काय? माझ्या तीन साध्या मागण्या आहेत.

एक. भारतात खासगी उड्डाणांना परवानगी देणारी ‘इन-स्पेस’ ही संस्था आहे. तिने प्रत्येक परवानगीसोबत एक कागद जाहीर करावा. कोणतं इंधन, किती टन, आणि १५ किलोमीटरच्या वर किती क्लोरीन, किती काजळी, किती धातूची भुकटी सुटणार. राइस मिल टाकायची तर प्रदूषण मंडळाचं संमतीपत्र लागतं. रॉकेटला निदान एक कागद तरी लागू द्या. संसदेत अवकाशविषयक कायदा येईल तेव्हा त्यात हे कलम असावं.

दोन. मोजा. आपल्याकडे साधनं आहेत. हैदराबादला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं बलून केंद्र आहे. डॉ. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये तिथूनच फुगा सोडून ४१ किलोमीटरपर्यंतच्या हवेचे नमुने आणले होते. तिरुपतीजवळ गादंकीला वरच्या हवेचा अभ्यास करणारी राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे, श्रीहरिकोटा त्याच टापूत. पुण्यात उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. श्रीहरिकोटाच्या उड्डाणाआधी आणि नंतर वरची हवा नियमित तपासा आणि आकडे लोकांसमोर ठेवा. परिणाम नगण्य निघाला तर सर्वांत आधी मी आनंदाने पोस्ट टाकेन.

तीन. माँट्रियल कराराच्या बैठकांत भारताने रॉकेटच्या धुराचा विषय स्वतःहून मांडावा. आपल्या भंडारा-गोंदियाच्या आणि शेजारच्या गडचिरोली-चिमूरच्या खासदारांना एक विनंती. लाडबोरी गडचिरोली-चिमूर मतदारसंघातच येतं. लोकसभेत एक तारांकित प्रश्न विचारा, सरकारचं उत्तर नोंदीवर येऊ द्या.

आणि गुरुजींना, मॅडमना एक सांगणं. १६ सप्टेंबरला शाळेत ओझोन दिन होतो. मुलं दरवर्षी फ्रिज आणि छत्रीचं चित्र काढतात. यंदा त्या चित्रात एक रॉकेटही काढायला सांगा. लाडबोरीचं कडं पाहिलेली आपल्या भागातली पोरं त्यावर जे प्रश्न विचारतील, ते मोठ्यांना सुचलेले नाहीत.

तुमच्यापैकी कुणाकडे त्या पाडव्याच्या संध्याकाळचे फोटो, व्हिडिओ असतील तर कमेंटमध्ये टाका, सोबत गावाचं नाव आणि वेळ लिहा. ती रेघ कुठून कुठे गेली याची आपल्या लोकांनी केलेली एक नोंद तरी राहील. पोस्ट पटली तर शेअर करा, नाही पटली तर का ते लिहा. वाद घालू, पण आकडे समोर ठेवून घालू.